सर्व्हरचं नेट मधूनच तुटतं: लिनक्स वेब सर्व्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, मिरजेतले दवाखाने, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, कॉलेजं. जिथं जिथं कुणाच्या तरी गळ्यात लिनक्सचा वेब सर्व्हर पडलेला आहे, त्यांच्यासाठी हे पान. सर्व्हर कुठं ऑफिसच्या कोपऱ्यात असतो, कुठं मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेला. दोन्हींचे प्रश्न खाली एकत्रच आले आहेत. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाकायची.

नेट मधूनच जातं आणि आपोआप येतं. शोधायला सुरुवात कुठून करायची?

घड्याळापासून. केबल, राउटर, सेटिंग यांतल्या कशालाही हात लावण्याआधी चार गोष्टी वहीत लिहा: किती वाजता गेलं, किती वेळ गेलं, कुणाला गेलं (ऑफिसातल्यांना, बाहेरच्यांना, की फक्त मोबाइलवाल्यांना) आणि स्क्रीनवर नेमकं काय दिसलं. निम्मं निदान इथंच होतं, कारण खंड किती वेळाचा आहे त्यावरून बरंच काही कळतं.

पान १, ३ किंवा ७ सेकंद अडकून मग उघडत असेल, तर कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा), म्हणजे सिन, वाटेत किंवा सर्व्हरच्या दारात गळतंय. समोरचं मशीन ते १ सेकंदानं पुन्हा पाठवतं, मग आणखी २ सेकंदांनी, मग ४. बेरीज १, ३, ७. (अगदी नव्या लिनक्स कर्नलवर सुरुवातीच्या काही खेपा दर सेकंदाला जातात, तेवढा फरक धरा.) अडकणं बरोबर ५ किंवा १० सेकंदांचं असेल तर डीएनएसवर (साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेवर) संशय घ्या. ३० सेकंदांच्या आसपास असेल तर स्विच, दीड-दोन मिनिटं असेल तर फायबरचा ओएनटी (फायबरची लाइन जिथं येऊन लागते तो डबा) रीबूट होतोय, बरोबर १० मिनिटं असेल तर फेल-टू-बॅन (वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला अडवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम). या सगळ्यांची कारणं पुढं येतात.

संदेशही नीट वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पॅकेट पोचलं आणि तिकडून कुणीतरी नाही म्हणालं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे काही उत्तरच आलं नाही. ५०२ किंवा ५०४ हा एररचा आकडा दिसत असेल तर तुमच्यापासून वेब सर्व्हरपर्यंतचा रस्ता चांगला आहे. घोटाळा वेब सर्व्हरच्या, म्हणजे एनजिनएक्सच्या मागं, पीएचपीत किंवा डेटाबेसमध्ये. ५०२ आल्यावर नेटवाल्याला फोन करण्यात काही अर्थ नाही.

रीस्टार्ट केला की चालतं. मग रीस्टार्ट करायला काय हरकत आहे?

चालतं, आणि पुरावाही जातो. भरलेली कनेक्शनची यादी, चुकलेली एआरपी नोंद (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा, याची), साचलेली रांग, सगळं एका झटक्यात पुसलं जातं. नाइलाजच असेल तर आधी या पाच आज्ञांचा निकाल फाइलमध्ये टाका: ‘डीमेसेज’ (वेळेसह, म्हणजे मोठा टी लावून), ‘आयपी’च्या ‘लिंक’ची आकडेवारी, ‘आयपी नेबर’, ‘एसएस’चा सारांश आणि ‘एनस्टॅट’ची संपूर्ण यादी. स्क्रिप्ट करून ठेवली तर पाच सेकंदांचं काम आहे.

एक गोष्ट आजच तपासा: ‘व्हार/लॉग’मध्ये ‘जर्नल’ नावाची डिरेक्टरी आहे का? जर्नलची (सिस्टिमच्या लॉगची) सेटिंग बदललेली नसेल आणि ही डिरेक्टरी नसेल, तर जर्नल फक्त मेमरीत राहतो आणि रीबूटनंतर आदल्या दिवशीचं काही सापडत नाही.

आपण नसताना नेट जातं. पकडायचं कसं?

दर १० सेकंदांनी तीन पत्त्यांना पिंग करून (‘आहेस का?’ विचारून) वेळेसह फाइलीत लिहिणारी साधी शेल स्क्रिप्ट ठेवा. पहिला पत्ता ऑफिसच्या राउटरचा, दुसरा नेट देणाऱ्या कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा (एमटीआर या वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेत राउटरनंतर दिसतो तो), तिसरा १.१.१.१ किंवा ८.८.८.८. राउटरच बंद दिसला तर दोष तुमच्या चार भिंतींत. राउटर चालू पण दुसरा बंद, तर गल्लीतली लाइन. दोन्ही चालू पण तिसरा बंद, तर कंपनीच्या पुढं. बाहेरची महागडी देखरेख विकत घेण्याआधी ही फुकटची फाइल आठवडाभर चालवून बघा.

‘सार’ (मशीनच्या कामाची आकडेवारी साठवणारं साधन) बसवलं असेल तर ते मुळात दर १० मिनिटांनी नोंद घेतं. ४० सेकंदांचा खंड त्या सरासरीत दिसतही नाही. अंतर १ मिनिटावर आणा. डेबियनवर पॅकेज बसवलं तरी नोंदी घेणं सुरू झालंय का ते वेगळं तपासावं लागतं.

एमटीआरमध्ये मधल्या एका टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसतो. तिथंच दोष आहे ना?

बहुधा नाही. मोठे राउटर स्वतःला आलेल्या चौकशीच्या पॅकेटांना मुद्दाम कमी उत्तरं देतात. पुढं जाणारी पॅकेटं मात्र बिनबोभाट पाठवतात. एका टप्प्यापासून सुरू झालेला लॉस शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा. मधे ४० आणि शेवटी शून्य असेल तर सोडून द्या.

किमान १०० पॅकेटं पाठवा, दोन्ही बाजूंनी चालवा (सर्व्हरकडून ऑफिसकडं आणि ऑफिसकडून सर्व्हरकडं, कारण जायचा आणि यायचा रस्ता एकच असेल असं नाही) आणि शक्य तर टीसीपी पद्धतीनं ४४३ पोर्टवर तपासा. अंतराचाही हिशेब ठेवा. फायबरमध्ये प्रकाशाला १ किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. सांगली-मुंबई ४०० किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. प्रत्यक्षात उपकरणं आणि वळसे धरून आकडा याच्या काही पट येतो, ते ठीक. पण रोजचा आकडा एकाएकी तिप्पट-चौपट होऊन तिथंच टिकला, तर वाट बदलली आहे, भलत्याच शहरातून.

दोष आपल्याच वायरीत आहे हे कसं ओळखायचं?

‘एथटूल’ला नुसतं इंटरफेसचं (नेटवर्क कार्डाचं) नाव द्या. वेग १००० ऐवजी १०० दिसला तर जवळजवळ नक्की वायर किंवा कनेक्टर. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात (पिना १, २, ३, ६). एक तार तुटली किंवा अर्धवट लागत असली की कार्ड मुकाट्यानं १०० वर उतरतं, आणि कधी वर-खाली करत बसतं. ‘हाफ डुप्लेक्स’ दिसलं तर एका बाजूला वेग हातानं ठरवलेला आणि दुसऱ्या बाजूला ‘ऑटो’ असणार. दोन्हीकडं ‘ऑटो’ करा.

मग ‘एथटूल’ला छोटा नव्हे, मोठा ‘एस’ लावून आकडेवारी बघा. सीआरसी एररचा (वाटेत खराब झालेल्या पॅकेटांचा) आकडा तासाभरानं पुन्हा बघायचा. वाढत असेल तर वायर बदला. जुना आकडा तिथंच उभा असेल तर दुर्लक्ष करा.

आता क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं. आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बरेच जण हिरव्याशेजारी हिरवा आणि निळ्याशेजारी निळा असं ‘सरळ’ लावतात, दोन्ही टोकांना तसंच. स्वस्तातला टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो, कारण तार अखंड आहे एवढंच त्याला कळतं. पण पिन ३ आणि ६ आता एकाच पिळातल्या तारा राहिलेल्या नसतात. एक हिरव्या जोडीतली, एक निळ्या. पीळ गोंधळ खाऊन टाकतो म्हणून तर असतो. तो गेला की लांबी वाढेल तशी आणि गर्दी वाढेल तशी पॅकेटं खराब होतात. रिकाम्या ऑफिसात वायर पास, दुपारी बारा वाजता नापास. कनेक्टरपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या चिमट्याखाली गेलंच पाहिजे. नाहीतर ओढ सगळी तारांवर येते.

बाकी थोडक्यात: १०० मीटरच्या पुढं तांब्याची केबल नको. खोक्यावर ‘सीसीए’ लिहिलं असेल तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल. सर्व्हरला लावू नका. विजेच्या पट्टीतूनच नेटची वायर नेलेली असेल तर वेगळी करा. आणि फॉल्स सीलिंगमधले उंदीर. कुरतडलेली केबल काही दिवस चालते, मग हवेत दमटपणा आला की रुसते.

लाईट गेली की दोन मिनिटं नेट जातं. सर्व्हरला यूपीएस आहे तरी?

सर्व्हरला आहे, ओएनटीला, मीडिया कन्व्हर्टरला, स्विचला आहे का? सर्व्हर ते रस्ता या वाटेतला प्रत्येक अडॉप्टर हातानं धरून बघा कुठं खोचलाय ते. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर भिंतीवरच्या साध्या पॉइंटला, असं चित्र फार ठिकाणी असतं. ओएनटी सुरू होऊन लाइन धरायला दीड-दोन मिनिटं घेतो, म्हणून तो ठरावीक खंड. तुमचं सगळं यूपीएसवर असूनही जात असेल तर जिन्यात किंवा शेजारच्या इमारतीत केबलवाल्याचा स्विच असेल आणि त्याला बॅकअप नसेल.

मॅनेज्ड स्विच असेल तर आणखी एक. पोर्ट खाली जाऊन वर आलं की स्पॅनिंग ट्री (जोडणीत गोल फेरा होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतं. दिवा हिरवा, पण ३० सेकंद पॅकेट पुढं जात नाही. सर्व्हरच्या पोर्टला ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ लावा. स्विचला स्विच जोडलेल्या पोर्टवर मात्र कधीही नको.

अर्थिंग तपासायला वायरमन बोलवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर त्याकडं लक्ष द्यावं. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल तर पहिल्याच वळवाच्या विजेत दोन्हीकडची पोर्टं जातात, किंवा वाईट म्हणजे अर्धवट जातात आणि वर्षभर छळतात. तिथं फायबरच टाका.

पावसाळ्यात आणि गळीत हंगामात लाइन जास्त तुटते, हा भास आहे का?

भास नाही. पावसाळ्यात खांबावरच्या जोडणीच्या डब्यात पाणी शिरतं. ऊस सुरू झाला की उंच भरलेल्या ट्रॉल्या लोंबकळत्या फायबरला ओढतात, आणि मिरवणुकीच्या दिवसांत तीच केबल काठीनं वर उचलली जाते. फायबर तुटत नाही, पण वाकते, आणि वाकलेल्या जागी प्रकाश गळतो.

हे मोजता येतं. ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाचा आकडा असतो, डीबीएममध्ये. जीपॉन प्रकारच्या फायबर लाइनवर तो −८ ते −२७ च्या दरम्यान लागतो. −१५ ते −२४ असेल तर निवांत. −२६ आणि −२७ च्या मधे हेलकावे खात असेल तर थोडासा वारा, थोडंसं पाणी पुरतं. लाइन चांगली चालू असताना हा आकडा लिहून ठेवा, बिघडल्यावर पुन्हा लिहा. २-३ डीबीचा फरक लाइनमनला दाखवला की तो ‘इकडून तर सगळं ओके आहे’ म्हणू शकत नाही.

पुराचं वेगळं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये कृष्णा तिथं ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागात तळमजल्यावर सर्व्हर, यूपीएस किंवा इमारतीचा नेटचा डबा असेल तर पाणी इशाऱ्याकडं चढायला लागल्यावर डीएनएसचा टीटीएल (पत्ता लोकांकडं किती वेळ साठून राहतो तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे साइट दुसरीकडं हलवावी लागली तर नवा पत्ता लवकर पोचेल. टीटीएल आधीचा, समजा २४ तासांचा असेल, तर ऐनवेळी पत्ता बदलून उपयोग नाही; लोकांकडं जुनाच पत्ता दिवसभर राहतो.

पिंग एकदम व्यवस्थित, छोटी पानं उघडतात, पण मोठं पान किंवा फाइल अपलोड अडकतं. का?

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटाचा कमाल आकार. पिंगचं पॅकेट ८४ बाइटचं, ते कुठूनही निघून जातं. पूर्ण भरलेलं पॅकेट १५०० चं, आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं जोडणाऱ्या) लाइनवर जागा १४९२ चीच असते. मोठं पॅकेट अडलं की वाटेतला राउटर ‘छोटं करून पाठवा’ असा आयसीएमपी निरोप धाडतो. कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ फायरवॉलमध्ये सगळं आयसीएमपी बंद केलेलं असेल तर तो निरोप पोचतच नाही. सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि पान अर्धं येऊन थांबतं.

तपासणी सोपी आहे. पिंगला ‘तुकडे करू नको’ सांगा (छोट्या नव्हे, मोठ्या ‘एम’पुढं ‘डू’) आणि आकार १४७२ द्या. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की १५००. हे अडलं आणि १४६४ गेलं, तर वाटेत १४९२ चा दरवाजा आहे. व्हीपीएन असेल तर आकडा आणखी खाली जातो. उतरत उतरत शोधा.

उपाय राउटरवर: एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटातल्या डेटाचा कमाल आकार राउटरनंच कमी करणं) चालू करणं, म्हणजे १४९२ च्या लाइनला १४५२. राउटर आपल्या हातात नसेल तर सर्व्हरवर कर्नलचं ‘टीसीपी एमटीयू प्रोबिंग’ १ करा. आणि आयसीएमपी सरसकट बंद करू नका. पिंगला उत्तर द्यायचं नसेल तर तेवढंच बंद करा.

गर्दी झाली की साइट अडखळते. लाइन वाढवून घ्यावी का?

आधी लाइन भरतेय का ते बघा. कॉलेजचा निकाल लागला किंवा प्रवेशाचे अर्ज सुरू झाले की साइट झोपते, तेव्हा बहुतेक वेळा लाइन अर्धी रिकामी असते आणि सर्व्हरच्या दारातली रांग भरलेली असते.

‘एसएस’नं ऐकणारी टीसीपी पोर्टं बघा. तिथल्या ओळींत ‘रिसीव्ह-क्यू’ म्हणजे आत्ता रांगेत किती उभे आहेत आणि ‘सेंड-क्यू’ म्हणजे रांग किती लांब असू शकते. पहिला आकडा दुसऱ्याला टेकला की कर्नल नव्या लोकांना काहीही न सांगता टाकून देतो. तेच ते १-३-७ सेकंद. ‘एनस्टॅट’मध्ये ‘लिसन ओव्हरफ्लोज’चा आकडा वाढताना दिसेल. एनजिनएक्स ५११ ची रांग मागतो, पण कर्नलची ‘सोमॅक्सकॉन’ मर्यादा ५.४ च्या आधीच्या कर्नलवर १२८ च होती, ५.४ पासून ती ४०९६ झाली. जुन्या मशीनवर म्हणूनच मागितलं ५११ आणि मिळालं १२८ असं होतं.

पण रांग लांब करणं हा अर्धा उपाय. रांग का साचते? कारण मागं पीएचपीचे कामगार कमी आहेत. डेबियन-उबंटूवर पीएचपी-एफपीएमची ‘मॅक्स चिल्ड्रन’ (एका वेळी जास्तीत जास्त किती कामगार) मुळात ५ असते. लॉगमध्ये ‘रीच्ड मॅक्स चिल्ड्रन’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं, फक्त तो लॉग कुणी उघडत नाही. हिशेब असा: पीएचपीसाठी २ जीबी रॅम बाजूला ठेवता येत असेल आणि एक प्रक्रिया ६० एमबी खात असेल, तर ३० च्या आसपास. १०० टाकू नका. रॅम संपली की कर्नल सगळ्यात जाडजूड प्रक्रिया मारतो, आणि ती नेमकी डेटाबेसची असते. मग साइट मिनिटभर बंद, डेटाबेस परत उठला की चालू. बाहेरून बघणाऱ्याला हेही ‘नेट गेलं’ असंच वाटतं. ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा.

एनजिनएक्सच्या मागं ॲप दुसऱ्या पोर्टवर असेल आणि प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन होत असेल, तर पोर्टंही संपतात. लिनक्स ३२७६८ ते ६०९९९ एवढीच वापरतो, म्हणजे २८,२३२. बंद झालेलं प्रत्येक कनेक्शन ६० सेकंद ‘टाइम-वेट’मध्ये बसतं. म्हणजे एका ठिकाणी सेकंदाला ४७० च्या वर सतत गेलात की ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’. मागच्या कनेक्शनांना कीप-अलाइव्ह लावा (कनेक्शन उघडंच ठेवून पुन्हा वापरणं), किंवा एकाच मशीनवर असतील तर युनिक्स सॉकेट वापरा.

लॉगमध्ये ‘कॉनट्रॅक टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ येतं.

फायरवॉल प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो आणि ती वही भरली आहे. नवीन माणसाला प्रवेश नाही, आत असलेल्यांचं सुरळीत चालू. म्हणून तुमचं एसएसएच (सर्व्हरवर दुरून केलेलं लॉगिन) चालतं आणि लोक तक्रार करतात. ‘सिसकंट्रोल’मध्ये ‘कॉनट्रॅक काउंट’ आणि ‘कॉनट्रॅक मॅक्स’ शेजारी शेजारी बघा.

मर्यादा २,६२,१४४ वर नेली तरी मेमरी शंभर एमबीच्या आतच लागते, तेव्हा घाबरू नका. पण खरा दोष मुदतीत असतो: जोडलेलं टीसीपी कनेक्शन मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस नोंदीत राहतं. मोबाइल बंद करून निघून गेलेला माणूस पाच दिवस वहीत. ते ८६,४०० वर आणा. २ तासांच्या खाली मात्र नको, कारण टीसीपीची स्वतःची कीप-अलाइव्ह चौकशी ७२०० सेकंदांनी होते.

फक्त मोबाइल डेटावरून साइट अडकते, वाय-फायवर चालते.

दोन कारणं बघा.

पहिलं आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. जिओसारखी मोबाइल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतात. तुमच्या डीएनएसमध्ये जुना क्वाड-ए रेकॉर्ड राहिला असेल, म्हणजे डोमेनला आयपीव्ही६ पत्ता दिलाय पण सर्व्हर तिथं ऐकतच नाही, तर ऑफिसच्या आयपीव्ही४ लाइनवर काहीच कळत नाही. ब्राउझर थोडं थांबून आयपीव्ही४ कडं वळतो म्हणून निभावतं; ॲप तितकं हुशार नसतं. ‘कर्ल’ एकदा ४ आणि एकदा ६ लावून चालवा. एकतर आयपीव्ही६ नीट चालू करा किंवा तो रेकॉर्ड काढा.

दुसरं जुन्या सर्व्हरवरच सापडतं. ‘सर्व्हर फास्ट करा’ छापाच्या यादीतून कुणीतरी ‘टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल’ १ करून ठेवलेलं असतं. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागं बसवतात. त्या प्रत्येक फोनचं टाइमस्टॅम्पचं घड्याळ वेगळं. हा पर्याय चालू असला की सर्व्हर एका फोनला घेतो आणि शेजारच्याला शिळा समजून टाकतो. म्हणून एकाच खोलीत एकाचं उघडतं, दुसऱ्याचं नाही. ४.१२ कर्नलपासून हा पर्याय काढूनच टाकला आहे. त्याआधीचं कर्नल असेल तर शून्य करा, आणि खरं तर मशीनच बदला.

ऑफिसातून १० मिनिटं बंद, त्याच वेळी बाहेरून चालू. मग आपोआप सुरू.

फेल-टू-बॅन. मूळ सेटिंग असं: १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी. सगळं ऑफिस बाहेर एकाच आयपीनं दिसतं, त्यामुळं एका कोपऱ्यातल्या मशीनवर जुना पासवर्ड साठवलेला असला की शिक्षा सगळ्यांना. संदेश ‘रिफ्यूज्ड’ येतो, ही आणखी एक खूण. नुसत्या एसएसएचच्या जेलनं (जेल म्हणजे एका सेवेसाठीचा बंदीचा नियम) एसएसएचच अडतं. साइटही अडत असेल तर वेबचा जेल किंवा सगळी पोर्टं अडवणारी कृती लावलेली आहे. ऑफिसचा स्थिर आयपी ‘इग्नोअर आयपी’त टाका, आणि मग तो साठवलेला पासवर्डही शोधा.

ओटीपी पाठवताना किंवा पेमेंटच्या वेळी साइट बरोबर ५ सेकंद थांबते.

‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मधला पहिला नेमसर्व्हर मेलेला आहे. सर्व्हर त्याची ५ सेकंद वाट बघतो, मग दुसऱ्याला विचारतो. मेलेला काढा आणि ‘टाइमआउट’ १ करा. ती फाइल ‘सिस्टमडी रिझॉल्व्ह्ड’ किंवा नेटवर्क मॅनेजर लिहीत असेल तर हातानं केलेला बदल टिकणार नाही. मूळ जागी बदला.

एका ठरावीक मशीनशी भांडण असल्यासारखं सर्व्हर दिसतो-नाहीसा होतो.

दोघांना एकच आयपी. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन, नवा प्रिंटर. बसवणाऱ्यानं मोकळा वाटला तो पत्ता टाकला. त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या लिनक्स मशीनवरून सर्व्हरच्या पत्त्याला ‘आर्पिंग’ करा. दोन वेगळ्या मॅक (नेटवर्क कार्डाच्या) पत्त्यांकडून उत्तरं आली की झालं. सर्व्हरचा पत्ता राउटरच्या डीएचसीपी (आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या) पट्ट्याबाहेर ठेवा. व्हर्च्युअल मशीनची नक्कल काढली असेल तर ‘मशीन-आयडी’ही बदला, तो सारखा राहिला की डीएचसीपीकडून दोघांना एकच पत्ता मिळू शकतो.

दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या, तेव्हापासून निम्म्या लोकांना साइट उघडत नाही.

मागणी दुसऱ्या लाइननं आत येते आणि उत्तर पहिल्या लाइननं बाहेर जातं, कारण डीफॉल्ट गेटवे एकच. समोरच्याला अनोळखी पत्त्यावरून उत्तर येतं, तो फेकून देतो. सर्व्हरला प्रत्येक लाइनसाठी वेगळा पत्ता द्या, प्रत्येकाचा वेगळा राउटिंग टेबल करा आणि ‘आयपी रूल’नं ‘या पत्त्यावरून निघालेलं या टेबलानं’ असं सांगा. शिवाय ‘आरपी फिल्टर’ १ असेल तर २ करा. १ वर असताना कर्नल अशी आडवाटेची पॅकेटं आत येतानाच मारतो.

रोज रात्री ठरावीक वेळी साइट मंद.

बॅकअप. अपलोड २० एमबीपीएस असेल तर ९ जीबीला बरोबर एक तास लागतो, आणि तो तासभर बाकीची पॅकेटं राउटरच्या रांगेत उभी. ‘आरसिंक’ला बँडविड्थची मर्यादा घाला (आकडा किलोबाइटमध्ये असतो, १००० म्हणजे साधारण ८ एमबीपीएस). राउटरवर ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग सांभाळणारी सोय मिळत असेल तर चालू करा.

नेटवर्क कार्डच खराब असेल तर?

असतं कधी कधी, पण ड्रायव्हरवर आधी संशय घ्या. रिअलटेक कार्डावर ‘लिंक इज डाउन’ आणि दोन-तीन सेकंदांनी ‘अप’ येत राहिलं, वायर नवी आहे, तर ‘एथटूल’नं ईईई ही वीज वाचवणारी सोय बंद करून बघा. इंटेलच्या ई१०००ई वर ‘हार्डवेअर युनिट हँग’ आलं तर टीएसओ आणि जीएसओ या पॅकेटं तोडण्याच्या सोयी बंद करा. बदल रीबूटनंतर टिकेल अशा ठिकाणी लिहा. फरक नाही पडला तर कार्ड बदला.

एसएसएच थोडा वेळ सोडलं की तुटतं.

वाटेतला नॅट (अनेकांना एकाच आयपीमागं बसवणारा राउटर) निष्क्रिय कनेक्शन विसरतो. क्लायंटवर ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ६०. सर्व्हरचा यात दोष नाही.

सगळं बघून झालं, तरी सर्व्हर की लाइन हे ठरत नाही.

दोन्ही टोकांना ‘टीसीपीडंप’ (पॅकेटं टिपून ठेवणारी आज्ञा) लावा. प्रत्येकी ५० एमबीच्या २० फाइली गोल फिरतील असं सांगा (मोठा सी आणि मोठा डब्ल्यू), म्हणजे १ जीबीच्या वर जागा जाणार नाही. पॅकेटाचे पहिले १२८ बाइट पुरे. आधी दोन्ही मशीनची घड्याळं ‘क्रोनी’नं जुळलेली आहेत ना ते बघा. खंड पडला की त्या मिनिटाची फाइल उघडायची. सिन क्लायंटकडून निघालं पण सर्व्हरवर आलं नाही: लाइन. आलं, पण उत्तर निघालं नाही: सर्व्हर, म्हणजे वरची रांग नाहीतर कॉनट्रॅक. उत्तर निघालं पण पोचलं नाही: परतीची वाट.

कंपनीकडं तक्रार कशी द्यावी?

‘नेट सारखं जातं’ असं लिहू नका. तीन पिंगांच्या फाइलीतल्या खंडांच्या वेळा, दोन्ही बाजूंचे एमटीआर (एक चांगल्या वेळचा, एक वाईट वेळचा), आरएक्स पॉवरचे दोन आकडे, ओएनटीवर ‘एलओएस’चा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल होता का, आणि लॅपटॉप थेट ओएनटीला लावून केलेल्या चाचणीचा निकाल. शेवटचं नसेल तर ‘तुमच्या राउटरचा दोष’ हे उत्तर ठरलेलं. तक्रार क्रमांक घ्या. लाइनमन आल्यावर चालूच असेल, त्याला त्याच वेळी आकडा दाखवा, आणि पुढचे ४८ तास फाइल स्वच्छ गेल्याशिवाय तक्रार बंद करायला होकार देऊ नका.